मे महिन्यातली वांग्याची पार्टी

साऱ्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात आपण होऊन विस्तव पेटवणारा, आणि तोही चार शहाण्यासुरत्या माणसांना त्याच्याभोवती बसवण्यासाठी, असा एकच इसम आहे. आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू आहे. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. सकाळी दहानंतर माणसं डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात. घरोघरी कूलर घरघरत असतो, आणि सकाळी लवकर स्वयंपाक उरकून बायका गॅसकडे पाठ फिरवतात ती दिवे लागेपर्यंत. अशा दिवसांत, लोक बर्फाच्या गोळ्याची गाडी शोधत हिंडत असताना, हे गृहस्थ गोवऱ्या शोधत हिंडतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. साकोलीत त्यांचं हातमागाच्या कापडाचं जुनं दुकान आहे. पंचे, टॉवेल, सतरंज्या, लग्नसराईत थोडा कोसा, म्हणजे इकडचं रेशीम. 'आजा मागावर बसे, बाप गाठोडं घेऊन फिरे, मी गल्ल्यावर बसतो,' असा घराण्याचा इतिहास ते एका वाक्यात सांगून मोकळे होतात. बोलणं एकूणच आखूड. पार्टीचं आमंत्रणसुद्धा ते देत नाहीत, नुसती खबर देतात. फोन वाजतो, पलीकडून आवाज येतो, "शनवारी वांगे हायेत," आणि फोन बंद. एकदा नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी हा निरोप ऐकून शिपायाला पिशवी घेऊन पाठवलं होतं. भाऊजींनी त्या शिपायालाच विस्तवाजवळ बसवून पोटभर जेवू घातलं आणि पिशवी रिकामीच परत पाठवली. साहेब पुढच्या वर्षी स्वतः आले.

या पार्टीत फक्त भाज्या असतात, आणि त्या फक्त भाजलेल्या असतात. आता आमचा जिल्हा तलावांचा. इथे पार्टी म्हटलं की माणूस आधी मासा कोणता ते विचारतो आणि मग तारीख विचारतो. भाऊजी स्वतः मासे खातात, काटे मोजून ठेवावेत इतक्या निगुतीने खातात, पण त्या दिवशी घरात मासा येऊ देत नाहीत. "मासा आला का लोकं भाजीकडं पाहातच नाई," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा दिघोरीचा एक शाळूसोबती आहे, तलावात जाळं टाकणारा. तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी विस्तवाकडे बघून म्हणतो, "आमच्यात याले पार्टी नाई म्हनत गा, उपास म्हनतेत." एका वर्षी त्याने पळसाच्या पानात बांधून झिंगे आणले आणि गपचूप राखेत सारायला बघितले. भाऊजींनी वासावरून चोर पकडला, झिंगे शेजारच्या घरी पोचते केले आणि दोस्ताच्या हातात दोन कांदे दिले. त्याने चार वांगी रिचवली. निघताना ढेकर देऊन म्हणाला, "पोट भरलं, पन जेवन बाकी हाये."

विस्तवाच्या बाबतीत मात्र भाऊजी आखूड बोलत नाहीत. प्रत्येक भाजीचा जाळ वेगळा, असा त्यांचा सिद्धांत आहे. वांग्याला तुराट्यांचा भडका हवा, आणि त्या तुराट्या धानाच्या बांधावरच्या तुरीच्याच हव्यात. कांदा गोवरीच्या राखेत पुरायचा आणि विसरून जायचा. टमाटर, ढोबळी मिरची, भेंडी यांना बाभळीचे निखारे आणि वर जाळी. ही जाळी म्हणजे दुकानाच्या खिडकीची जुनी लोखंडी जाळी. पन्ह्याची कैरी सगळ्यांत शेवटी, विझत्या राखेत. म्हणजे घरामागच्या वाडीत एकाच वेळी तीन-चार विस्तव चालू, आणि त्यांच्या मधोमध आम्ही, घामाने निथळत, पत्रावळी मांडीवर घेऊन. ज्याने त्याने आपलं वांगं आपण सोलायचं. भाजलेल्या वांग्याला पाणी दाखवायचं नाही, बोटं पोळली तर कानाच्या पाळीला लावायची. एका पाहुण्याने न राहवून आपलं वांगं नळाखाली धरलं होतं. त्याला आज बरीच वर्षं झाली; पण भाऊजी अजून त्याची ओळख करून देताना "हे वांगं धुनारे" असंच म्हणतात. पाहुण्यांची दया येऊन ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, एकदा मोठा कूलर वाडीत आणून लावला. कूलर सुरू झाला, निखारे फुलले, राख उठली, आणि सगळी मंडळी पाच मिनिटांत महाशिवरात्रीच्या बैराग्यांसारखी दिसू लागली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "हवा चांगली हाये. विस्तवाले मानवली."

पण खरा कारभार चटण्यांचा. भाजी भाजायची ती नुसती. तिला तेल नाही, मीठ नाही, काही नाही. मीठ, तिखट, आंबट जे काय असेल ते चटण्यांच्या अंगात. हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, कैरीचा तक्कू, भाजल्या टमाटरची चटणी आणि वाळवून ठेवलेल्या अंबाडीच्या लाल फुलांची एक, जिच्यासाठी मी इतकी वर्षं भंडाऱ्याहून उन्हातान्हात एसटीने जातो. सगळ्या भाऊजींच्या हातच्या, पाट्यावरच्या. दुकान नोकरावर सोपवून दोन दिवस ते पाट्यापुढे मांडी घालून बसतात. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आपल्या डोळ्यांदेखत खुडली असेल तरच घेतात. मिक्सरबद्दल त्यांचं मत मी इथे लिहू शकत नाही.

आणि एवढं सगळं करून स्वतः एक कणही चाखत नाहीत. ही त्यांच्या आईची शिकवण. रांधणाऱ्याने आधी चाखलं की पाहुण्याला उष्टं वाढल्यासारखं होतं, असं ती म्हातारी म्हणायची. मात्र त्यात एक सवलत होती: लेकराचं उष्टं हे उष्टं नाही. लेकरू देवाघरचं, त्याने जीभ लावली तर चालतं. म्हणून भाऊजींची एकुलती एक मुलगी उभी राहायला लागल्यापासून चटण्यांची चाखणारी झाली. ती तळहात पुढे करायची, भाऊजी त्यावर बोटभर चटणी ठेवायचे, ती चाटायची आणि निकाल द्यायची. लहानपणी तिचे शब्दही तिचेच होते. "झोपलं हाये" म्हणजे मीठ कमी. "ओरडते" म्हणजे जास्त. आणि बरोबर जमलं की ती काही न बोलता पळून जायची. पोरगी पळाली की भाऊजी चटणीवर ताट झाकायचे.

पुढे ती मोठी झाली, शिकली, भंडाऱ्याला एका बँकेत लागली. पण या कामातून तिची सुटका झाली नाही. पार्टीच्या दिवशी दुपारच्या बसने उतरायची, तोंडावरचा दुपट्टा सोडता सोडता वाडीत यायची आणि हात पुढे करायची. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पोरगी पंचविशीला आली. लेकरू किती दिवस?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पंचांगच खोटं आहे म्हणालो. "बापाच्या घरी हाये तवर लेकरूच," ते म्हणाले. त्या वाक्यात पुढचं सगळं आलं होतं. बापाच्या घरी ती जन्मभर राहणार नव्हती, आणि गेल्या मे महिन्यात ती वेळ आलीच.

मुलगा तिच्याच बँकेतला, घरचे नागपूरचे. दोघांचं आपसात ठरलेलं होतं. आता फक्त थोरामोठ्यांनी हो म्हणायचं होतं, आणि मुलाची आई भारी काटेकोर आहे हे आमच्या कानावर आधीच आलेलं. ती मंडळी घर पाहायला येणार होती नेमकी वांग्याच्या शनिवारी. ताईंनी परोपरीने विनवलं की या खेपेला विस्तव राहू द्या, आंबे आणते, रस करते. होणाऱ्या व्याह्यापुढे मे महिन्यात रस न ठेवणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ भांडण काढणंच. माझी बायको तर फोनवर रडकुंडीला आली, "भाऊजी, विहिनीच्या हातात जळकं वांगं देता का हो?" पण भाऊजी ढिम्म. "रस तर सबनच वाढतेत. त्यायनं घर पाहाले यावं न घर दिसू नये, हे कायले?" शेवटी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा करतेत तसंच करू द्या." मग कोण काय बोलणार.

त्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच साकोलीला पोचलो. भाऊजी पाट्यापुढे बसले होते. लसूण सोलता सोलता मला म्हणाले, "पोरीचं जमलं पायजे, भाऊ. तिले तो पसंत हाये. जमलंच पायजे." लसणाचा आणखी एक गड्डा सोलून झाला. मग म्हणाले, "पन जमलं का..." आणि वरवंटा उचलला. माझा हा साडू चटणी सोडून कशाने कासावीस झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

खरा घोळ पाचच्या सुमाराला झाला. पोरगी आत होती. दोन बायका तिला कोशाचं पातळ नेसवत होत्या, आणि ताईंनी दटावून ठेवलं होतं की आज हिला वाडीत बोलावायचं नाही, मिरचीचे हात नकोत, नवरी मुलगी आहे. भाऊजींच्या पाच चटण्या वाटून तयार, आणि चाखायला कोणी नाही. शेजारी एक-दीड वर्षाचं पोर होतं, पण त्याच्या जिभेवर ठेचा ठेवायचा म्हणजे पोलीस केस. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तुमचं उष्टंच व्हते." शेवटी त्यांनी देवाचं नाव घेऊन मीठ घातलं. थोड्या वेळाने येऊन आणखी थोडं घातलं. मग कोणत्या चटणीत दोनदा पडलं आणि कोणत्या चटणीत एकदाही नाही, याचा त्यांचा त्यांनाच मेळ लागेना.

पाहुणे आले, बसले. मुलाचे वडील गरीब स्वभावाचे दिसले, हातात वांगं दिल्यावर मुकाट्याने सोलू लागले. मुलाची आई खुर्चीत ताठ बसून एकेक विस्तव न्याहाळत होती. दिघोरीच्या दोस्ताला विस्तवापासून दूर, बोलण्यापासून त्याहून दूर बसवलं होतं. सगळ्यांच्या पत्रावळीवर भाजलेल्या भाज्यांचा ढीग झाला. आणि चटण्या येईनात. भाऊजी पाच वाडग्यांपुढे पाठमोरे उभे राहिले ते राहिलेच. मी जवळ जाऊन पाहिलं तर मिठाचा चमचा या वाडग्यावरून त्या वाडग्यावर नेत होते, घालत कशातच नव्हते. "न्या ना," मी म्हटलं. "कशा नेऊ?" ते म्हणाले. "एक जरी बिघडली असन तं पोरीचं वाटोळं." इकडे भाज्या निवत चाललेल्या. दोस्ताला राहवेना. "चटनी खायाची हाये का नुसती पाहायाची?" त्याने लांबून विचारलं. मुलाच्या आईने घड्याळ पाहिलं. ताईंचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पोरगी बाहेर आली. डोईवर पदर, हातात बांगड्या, पायात पैंजण. होणाऱ्या सासूसासऱ्यांसमोरून सरळ चालत गेली, बापापुढे उभी राहिली आणि तळहात पुढे केला. तुराट्या तडतडत होत्या. भाऊजींनी ठेचा ठेवला. तिने चाटला. "मीठच नाई, बाबा." जवसाची. "बरोबर." तक्कू. "बरोबर." टमाटरची तिने जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "ही तं ओरडते. अजून एक टमाटर कुस्करा." शेवटी अंबाडीची. ती चाखून ती काही बोलली नाही, पदराला हात पुसला आणि पैंजण वाजवत आत पळाली. भाऊजींनी ठेच्यात मीठ घातलं, टमाटरच्या चटणीत आणखी एक टमाटर कुस्करला आणि वाडगे उचलले.

"हे काय होतं हो?" मुलाच्या आईने विचारलं. मग भाऊजींना आपल्या आईची सगळी शिकवण सांगावी लागली. इतकी लांब वाक्यं बोलताना मी त्यांना फक्त विस्तवाच्या विषयावर ऐकलेलं आहे. बाईंनी ऐकून घेतलं, भाजलेल्या कांद्याला अंबाडीची चटणी लावून खाल्ली, परत थोडी घेतली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. दुसरा कांदा संपल्यावर त्यांनी भाऊजींकडे बघितलं आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात विचारलं, "मग पोरगी आम्ही घेऊन गेल्यावर तुम्ही काय कराल?"

सोयरीक त्या एका प्रश्नात ठरली. बायकांच्या लगेच लक्षात आलं, ताईंनी पदर डोळ्यांना लावला, माझी बायको साखर आणायला धावली. भाऊजी निखाऱ्यावरची ढोबळी मिरची उलटत होते. ती एका अंगाने पार जळून गेली तरी उलटतच होते.

तुळशीचं लग्न आटोपल्यावर हेही लग्न झालं. पोरगी नागपूरला गेली, आणि मागोमाग जावयाची बदली झाली म्हणून दोघं नाशिककडे. सुखात आहे. सासू कडक असली तरी मायेची आहे, असं पोरगी सांगते आणि ते खरं असावं. यंदा एप्रिल संपला तरी भाऊजींचा फोन आला नाही. वाटलं, आता वांगी सुटली. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला. "शनवारी वांगे हायेत." आवाज तोच होता.

पोरीला रजा मिळाली नव्हती. दुपारी भाऊजींनी व्हिडिओ कॉल लावून ठेच्याचा वाडगा मोबाइलसमोर धरला होता. "रंग पाहून सांग ना माय, झोपलं का जागं हाये?" ती हसली. म्हणाली, "बाबा, असं कसं सांगू? तुमी मीठ घालूच नका. ज्याले त्याले वरून घेऊ द्या." हसता हसता तिचा आवाज बदलला, तसा त्यांनी फोन ताईंकडे दिला.

संध्याकाळी आम्ही विस्तवाभोवती बसलो. पाच चटण्या आल्या, बिनमिठाच्या, आणि त्यांच्याबरोबर एक मिठाची वाटी. ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होती. कुणी चिमूट घेत होता, कुणी दोन. चटण्या वाईट नव्हत्या. पण मीठ चटणीत मुरणं वेगळं आणि वरून भुरभुरणं वेगळं, हे खाणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. दिघोरीच्या दोस्ताने एकच वांगं खाल्लं आणि पत्रावळ दुमडली.

निघताना ताई मला ऐकू जाईल अशा बेताने भाऊजींना म्हणाल्या, "आता तरी सोताच चाखत जा की. तुमची माय काई वरून पाहाले नाई येत."

भाऊजी राखेतली शेवटची कैरी काठीने बाहेर ओढत होते. "चाखली न मी," ते म्हणाले. "आज दुपारी चाखली, लपून. पाचही चाखल्या, थोडी थोडी बाजूले काढून, मीठ घालून घालून चाखल्या." मग माझ्याकडे वळून, जणू दुकानातला एखादा हिशेब चुकावा तसे गोंधळून म्हणाले, "मले समजलंच नाई, भाऊ. किती बरोबर असते, हे मले कधी मालूमच नोतं."

त्यांनी कैरी माझ्या हातावर ठेवली. चांगलीच पोळत होती. मी ती तशीच धरून उभा राहिलो.